जोडीची किंमत

मामांच्या वर्षश्राद्धासाठी स्वामीमलैला गेले, तेव्हा अण्णा आणि अक्का एकमेकांशी बोलत नव्हते. दोघंही माझी मामेभावंडं, दोघंही साठीच्या पुढची. एकाच पंक्तीला बसायची, पण रसम हवं असलं तरी अण्णा मलाच म्हणायचे, "तिला सांग, इकडे वाढ." भांडण घराचं नव्हतं, शेताचं नव्हतं, दागिन्यांचंही नव्हतं. भांडण होतं एका जुन्या दुर्बिणीचं.

माझं आजोळ तंजावरी मराठी. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांच्या मागोमाग जी मराठी घराणी कावेरीकाठी उतरली, त्यांतलंच एक. घरात मराठी, उंबरठ्याबाहेर तमिळ. कुंभकोणमपासून सात-आठ किलोमीटरवर स्वामीमलै आहे. तिथला मुरुगन म्हणजे आपला कार्तिकेय. त्याने आपल्या वडिलांना, साक्षात शंकराला, ओंकाराचा अर्थ शिकवला अशी तिथली श्रद्धा. देवळाला साठ पायऱ्या, साठ संवत्सरांच्या साठ. लहानपणी सुटीत आम्ही प्रभव, विभव, शुक्ल म्हणत त्या चढायचो आणि विसाव्या पायरीच्या आतच नावं विसरायचो.

त्या सुट्यांमधली सगळ्यांत मोठी मौज म्हणजे मामांची दुर्बीण. मामा तेव्हाच्या मद्रासला नोकरीत होते. तिथल्या मूर मार्केटमध्ये जुन्या पुस्तकांपासून जुन्या कुलपांपर्यंत सगळं मिळायचं. हे मार्केट १९८५मध्ये आगीत जळालं. तिथून मामांनी १९५८मध्ये बारा रुपयांना ती दुर्बीण आणली होती. हातभराहून जरा आखूड, काळी, चांगली किलोभर वजनाची. वर आणि बाजूला दोन गोल चकत्या, फिरवल्या की कटकट वाजायच्या. खाली एक जाडजूड लोखंडी पकड. डोळा लावला की देवळाचं गोपुर तिपटीने जवळ यायचं. पण दृश्याच्या मधोमध एक आडवी रेघ आणि खालून वर आलेला एक टोकदार खांब दिसायचा. तो खांब कशासाठी, हे मामांनी कधी सांगितलं नाही. नियम मात्र एकच घातला होता, "गोपुर बघा, चंद्र बघा, नारळ बघा. माणसावर रोखायची नाही."

मी एकदा रोखली. मामी विहिरीवर पाणी काढत होती, खांबाचं टोक नेमकं तिच्या पाठीवर आणलं आणि हसले. मामांनी आयुष्यात मला एकदाच मारलं, ते त्या दिवशी.

ती दुर्बीण म्हणजे काय होती, हे घरात कळलं ते मामा गेल्यावर. अक्काचा मुलगा अमेरिकेत असतो. त्याला जुन्या लष्करी रायफलींचा नाद आहे. क्रियाकर्माला आला असताना त्याने कपाटातून पंचात गुंडाळलेली ती वस्तू काढली, खिडकीपाशी नेली आणि बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "अण्णामामा, ही दुर्बीण नाही. ही स्नायपर रायफलीची साईट आहे. बत्तीस नंबरची."

आणि मग त्याने भाव सांगितला. भाव कळला आणि भांडण सुरू झालं.

त्याने मला जे समजावलं ते थोडक्यात असं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि त्यांच्याबरोबर आपलं हिंदी सैन्य लढलं ते .३०३ बोअरच्या ली-एनफिल्ड रायफलींवर. त्यांतल्या चार नंबरच्या रायफली लाखांनी बनल्या. चाचणीत ज्यांचा नेम सर्वांत अचूक निघे, त्या बाजूला काढत. १९४२पासून अशा निवडक रायफली लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या प्रसिद्ध बंदूकवाल्यांकडे जाऊ लागल्या. तिथले कारागीर रायफलीला पकड बसवून तिच्यावर दुर्बीण चढवत, गालाला टेकण्यासाठी दस्त्यावर लाकडी उंचवटा बसवत. ही बत्तीस नंबरची दुर्बीण मुळात ब्रेन मशीनगनसाठी काढलेली. पण नाव झालं ते रायफलीवर. अशा तेवीस हजारांच्या वर रायफली त्या एका कारखान्याने तयार केल्या.

गंमत पुढे आहे. एका रायफलीची दुर्बीण दुसऱ्या रायफलीला चालत नसे. म्हणजे बसायची, पण नेम चुकायचा. म्हणून दुर्बिणीचा नंबर रायफलीच्या दस्त्यावर ठोकत आणि रायफलीचा नंबर दुर्बिणीच्या पकडीवर. दुर्बिणीच्या पत्र्याच्या डब्यावरही नंबर. हे सगळे आकडे एकमेकांशी जुळले, तर संग्राहक त्याला जुळलेला संच म्हणतात. तेवढ्या जुळण्याला निम्म्याहून अधिक किंमत.

"पण एवढी किंमत आली कुठून?" मी विचारलं.

"मावशी, कारण त्या जोड्या तेव्हा कोणीच सांभाळल्या नाहीत." युद्ध संपलं तेव्हा जगभर रायफलींचे ढीग पडले होते. काही वितळवल्या गेल्या. ब्रिटिशांनी १९७०च्या सुमारास हजारभर रायफली नव्या नळ्या घालून नव्या काडतुसांसाठी बदलून घेतल्या. दुर्बिणी काढून वेगळ्या विकल्या. मामांच्या बारा रुपयांची दुर्बीण अशीच कुठल्या तरी रायफलीवरून उतरून मूर मार्केटला पोचली असणार. अमेरिकेत त्या काळी जुनी लष्करी रायफल पोस्टाने घरपोच येत असे. अध्यक्ष केनेडींचा खून १९६३मध्ये ज्या इटालियन रायफलीने झाला, ती दुर्बिणीसकट १९ डॉलर ९५ सेंटना टपालाने मागवलेली होती. पोस्टाने बंदुका विकण्याची ती रीत तिथे १९६८च्या कायद्याने बंद झाली. त्या काळी वीस-पंचवीस डॉलरला मिळणाऱ्या मालातली एखादी जुळलेली स्नायपर रायफल आज पेटीसकट निघाली, तर कित्येक हजार डॉलरला जाते. नवी बनणार नाही, जुनी कमी होत जाणार, आणि घेणारे वाढतच आहेत. स्टालिनग्राडच्या नेमबाजावरचा चित्रपट २००१मध्ये आला, तेव्हा रशियन रायफलींचीही अशीच विचारणा वाढली, असं तो म्हणाला.

भाव चढला की नकलाही येतात. साधी रायफल घ्यायची, तिच्यावर दुर्बीण बसवायची आणि हवे ते आकडे नव्याने ठोकायचे. म्हणून खरा संग्राहक आधी भिंग घेऊन आकडे बघतो, त्यांची ठेवण बघतो, रंग किती जुना ते बघतो. घासलेली, रंगवलेली, चकचकीत केलेली वस्तू तो हातातही घेत नाही.

आता आमच्या घरची अडचण. दुर्बीण अण्णांच्या कपाटात. पण तिचा पत्र्याचा लांबट, गोल डबा अक्का लग्नानंतर सासरी घेऊन गेली होती, उदबत्त्या ठेवायला. चाळीस वर्षं त्यात उदबत्त्याच होत्या. मुलाने फोनवरून सांगितलं म्हणून तिने डबा पुसून बघितला, तर झाकणापाशी पुसट पांढरे आकडे. तोच नंबर.

अक्का म्हणाली, "डब्याशिवाय तुझ्या दुर्बिणीला पुरता भाव येणार नाही." अण्णा म्हणाले, "दुर्बिणीशिवाय तुझा डबा म्हणजे नुसता पत्रा." घराचं छप्पर गळत होतं, पैशांची गरज खरीच होती. त्यातून अण्णांच्या मनाने घेतलं की भाचा गोड बोलून स्वस्तात वस्तू न्यायला बघतोय. अक्काला हे कळलं. तेव्हापासून अबोला.

वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी अण्णा मला म्हणाले, "चल, बाहेर जाऊन येऊ." हातात पंचात गुंडाळलेली दुर्बीण. आधी आम्ही कुंभकोणमला एका भांडीवाल्याकडे गेलो. कुंभकोणमची पितळी भांडी प्रसिद्ध. त्याने दुर्बीण तागडीत टाकली, उलटसुलट केली आणि मोडीचा भाव सांगितला, काहीशे रुपये. अण्णांचा चेहरा पडला. मग म्हणाले, "काळी दिसते म्हणून. पॉलिश केली की बघ."

परत येऊन आम्ही मूर्तिकारांच्या आळीला गेलो. स्वामीमलैची पंचधातूची मूर्ती जगभर जाते, तिला २००८पासून भौगोलिक मानांकनही आहे. ओळखीच्या एका वृद्ध स्थपतींच्या कार्यशाळेत मूर्तींना झिलई देण्याचं काम चाललं होतं. अण्णांनी दुर्बीण पुढे केली, "हिलाही चमकवून द्या."

स्थपतींनी ती उजेडात धरली. नखाने पकडीवरची माती काढली. म्हणाले, "इथे आकडे कोरलेत. घासलं तर जातील. कोणाचे आहेत, ते आधी बघा."

अण्णा गप्प झाले. मीच विचारलं, तुमच्या मूर्तींवर असे आकडे असतात का? ते हसले. समोर मेणाची एक छोटी पार्वती पडली होती. मेण आणि राळ यांची मूर्ती करायची, तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या बारीक मातीचे थर द्यायचे, सावलीत वाळवायचे, मग भाजून मेण ओतून टाकायचं आणि त्या पोकळीत रस भरायचा. थंड झाल्यावर साचा फोडायचा. "साचा फोडला की तशी दुसरी होत नाही. तिला नंबर कशाला? नंबर सारख्या वस्तूंना लागतो."

येताना रस्त्यात अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मला मात्र तंजावरची आठवण झाली. तिथले शेवटचे मराठी राजे १८५५मध्ये वारले, पुत्र नव्हता, कंपनीने राज्य खालसा केलं. राजवाड्यातल्या शस्त्रागारात शेकडो वर्षांची शस्त्रं होती. नक्षीच्या कट्यारी होत्या, तलवारी होत्या, अंकुश होते. १८६३च्या सुमारास त्यांतली निवडक मद्रासच्या सरकारी संग्रहालयाला गेली आणि उरलेली मोडून लोखंडाच्या भावाने विकली गेली. कोणती कट्यार कोणाच्या कमरेला होती, कोणत्या लढाईत होती, ते सगळं तागडीत एकच झालं.

त्यांतून वाचलेल्या तंजावरी कट्यारी आज परदेशी लिलावांत येतात, तेव्हा लोखंडाचं वजन कोणी विचारत नाही. टिपू सुलतानाच्या शयनगृहातली तलवार २०२३च्या मे महिन्यात लंडनला १ कोटी ४० लाख पौंडांना गेली. नागपूरकर पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार २०२५च्या एप्रिलमध्ये लंडनच्याच लिलावात आली, ती महाराष्ट्र शासनाने ४७ लाख १५ हजार रुपये खर्चून मिळवली आणि ऑगस्टमध्ये मुंबईला आणली. तिच्या पात्यावर देवनागरीत रघुजींचं नाव आहे. ते नाव कोणी घासून टाकलं असतं, तर ती एक जुनी तलवार राहिली असती. आपल्याच घरातून गेलेलं आपण पैसे मोजून परत आणतो, ते नावासाठी.

त्या रात्री अक्काच्या मुलाचा फोन आला. मनात बरेच दिवस होतं ते मी विचारून टाकलं. "अरे, ही वस्तू माणूस मारायची. तिचा संग्रह करावासा तुला वाटतो कसा?"

तो जरा थांबला. "स्नायपर शब्द कुठला, माहीत आहे का?" मला माहीत नव्हतं. स्नाइप म्हणजे पाणलावा. हिवाळ्यात कावेरीच्या भातखाचरांत उतरणारा, वेडावाकडा उडणारा छोटा पक्षी. अठराव्या शतकात इथले इंग्रज अधिकारी त्याच्या शिकारीला जात, पत्रांतून घरी कळवत. त्याला टिपणारा तो स्नायपर. पुढे पक्ष्याच्या जागी माणूस आला, शब्द तोच राहिला.

मी म्हटलं, "मग त्या माणसांचं काय?" मला माणगावचा पुतळा आठवत होता. रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फंट्रीचे, वय बावीस. १० जुलै १९४४ रोजी इटलीत ते एकटे मशीनगनच्या मोर्चावर धावून गेले, तो जिंकला आणि त्याच जागी शत्रूच्या स्नायपरांच्या गोळ्यांनी पडले. व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या मागे मिळाला. ज्या रायफलीने त्यांना टिपलं तीही कदाचित आज कोणाच्या तरी भिंतीवर असेल, आणि तिचे आकडे जुळत असतील.

"असेल," तो म्हणाला. "म्हणूनच माझ्याकडच्या रायफलींबरोबर मी कागद ठेवतो. कुठे बनली, कुठल्या पलटणीकडे गेली, कोणाकडून आली. हे माहीत नसलं की ते नुसतं खेळणं होतं. आणि मावशी, अण्णामामांना सांग, मला ती दुर्बीण विकत नको. असली वस्तू पार्सलात घालून इकडे पाठवता येत नाही. दोन्हीकडचे परवाने लागतात. मला फक्त पकडीवरचा नंबर हवा. त्या नंबरची रायफल कुठे आहे का, एवढंच बघायचंय. असे नंबर नोंदवून ठेवणारे लोक आहेत."

म्हणजे आमच्या दुर्बिणीच्या पकडीवर तिच्या रायफलीचा नंबर होता. अण्णा तो झिलईला द्यायला निघाले होते.

आपल्याकडे असा रायफलींचा संग्रह करणं जवळजवळ अशक्यच. .३०३ हे लष्करी बोअर. सर्वसामान्य परवान्यावर ते मिळत नाही. म्हणून तर इशापूरच्या सरकारी कारखान्याने नागरिकांसाठी .३१५ बोअरची रायफल काढली. परवान्यावर किती बंदुका ठेवता येतील, तो आकडाही २०१९मध्ये तीनचा दोन झाला. ज्यांच्या घरी आजोबांची बंदूक आहे, त्यांनी आजोबांच्या मागे तिला माळ्यावर ढकलून विसरून जाऊ नये. वारसाने परवान्यासाठी अर्ज करावा, नाही तर ती रीतसर जमा करावी. पुन्हा कधीच चालू होऊ शकणार नाही अशा जुन्यापुराण्या शस्त्राला कायद्याने सूट आहे. पण ते तसं आहे की नाही, हे आपण घरी बसून ठरवायचं नसतं. आणि काहीही करण्याआधी ते घासू नये.

फोनवरचं सगळं मी सकाळी अण्णांना सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "मग मी पोराला उगीचच बोललो." पण हे अक्कापाशी जाऊन सांगायला पाय उचलेना. अक्काही स्वयंपाकघरातून हलेना.

शेवटी मामी उठली. मामी आता पंच्याऐंशीची. तिला ऐकू कमी येतं. पण घरात काय चाललंय ते सगळं कळतं. तिने दोघांनाही समोर बसवलं. कनवटीची पिशवी सोडली, सहा रुपये अण्णांच्या हातावर ठेवले, सहा अक्काच्या.

"हे काय?" अण्णा म्हणाले.

"तुमच्या वडिलांनी बारा रुपयांना आणली होती. दोघांची वाटणी झाली. आता दुर्बीण माझी, डबाही माझा. मी जाईपर्यंत दोन्ही एका जागी राहतील. पुढे काय करायचं ते एकमेकांशी बोलून ठरवा. बोलणार नसाल तर तागडीवाल्याला द्या."

अक्का दुपारी घरी जाऊन डबा घेऊन आली. दुर्बीण आत सरकवली, तर बिनबोभाट बसली. झाकण लावताना उदबत्तीचा वास आला. अण्णांनी झाकणावरचा नंबर मोठ्याने वाचला, अक्काने दुर्बिणीवरचा. एकेक आकडा. वर्षभरानंतर ते दोघं एकमेकांशी बोलले, ते असे आकडे. छपराचा खर्च पुढे दोघांनी निम्मा-निम्मा केला. किती आला, ते मला दोघांनीही सांगितलं नाही. म्हणजे सगळं ठीक असावं.

रायफल अजून सापडलेली नाही. कदाचित कधीच वितळली असेल. कदाचित कुठल्या तरी परक्या घराच्या भिंतीवर असेल आणि तिच्या दस्त्यावर आमच्या दुर्बिणीचा नंबर असेल. अक्काचा मुलगा शोधतोय.

निघण्याच्या संध्याकाळी मामीला विचारून मी दुर्बीण डब्यातून काढली. माडीवर जाऊन गोपुर बघितलं. मग देवळाच्या पायऱ्या. अण्णा आणि अक्का मामीचा एकेक हात धरून तिला सावकाश चढवत होते. खांबाचं टोक नकळत मामीच्या पाठीवर गेलं.

मी दुर्बीण खाली घेतली. मामांचा नियम आठवायला आता कोणी मारायची गरज नव्हती.